आठवड्याच्या पगारात पहिला वाटा पोटाचा

पगार झाला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तरुण पेशंटांची गर्दी होते, असा माझा कबनूरमधला अनुभव आहे. दुखणे आठवडाभर अंगावर काढायचे आणि हातात पैसे आले की डॉक्टरांना दाखवायचे, अशी इथली रीतच पडून गेली आहे. या गर्दीत वीस ते तीस वयाची मुले पुष्कळ असतात. कोणी मागावर असतो, कोणी सायझिंगमध्ये, कोणी कापडाच्या दुकानात, तर कोणी मोटारसायकलवरून पार्सल पोचवणारा. तक्रार बहुधा एकच असते. "डॉक्टर, अंगात ताकदच न्हाई. एक सलाईन लावा, न्हाईतर पावरचं इंजेक्शन तरी मारा. रात्रपाळीला जायचं हाय, खाडा करून चालत न्हाई."

आज या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी थोडे हिशेबाचे बोलायचे आहे. डॉक्टरांनी औषधाचे बोलावे, पैशाचे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण तरुण वयातल्या अशक्तपणाचे मूळ शोधायला गेले की ते अनेकदा पगार कसा खर्च होतो, तिथे सापडते.

सलाईनच्या बाटलीत काय असते?

ग्लुकोजची जी नेहमीची ५०० मिलीलिटरची बाटली असते, तिच्यात २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे. तिच्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे १०० कॅलरी, एका मध्यम भाकरीपेक्षाही कमी. साध्या मिठाच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि ऊर्जा शून्य. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, रक्तदाब उतरला, तर हेच सलाईन जीव वाचवते. पण उपाशीपोटी बारा तास उभे राहून आलेल्या थकव्यावर ते औषध नव्हे. बाटली संपेपर्यंत तासभर पडून विश्रांती मिळते, म्हणून बरे वाटते, एवढेच.

शरीराची झीज भरून काढायला प्रथिने लागतात. आपल्या देशाच्या पोषणतज्ज्ञांनी ठरवलेल्या प्रमाणानुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलो वजनाच्या तरुणाला रोज सुमारे ५० ग्रॅम. ती महागड्या डब्यातल्या पावडरीतूनच मिळतात, हा गैरसमज आहे. ज्वारीच्या दोन भाकरीत १५ ग्रॅम, ५० ग्रॅम डाळीच्या आमटीत ११ ग्रॅम, दोन उकडलेल्या अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ६ ग्रॅम. बेरीज करून पाहा, ५१ भरतात. अंडी खात नसाल तर त्या जागी मटकीची किंवा हरभऱ्याची वाटीभर दाट उसळ घ्यावी. यात अपरिचित असा एकही जिन्नस नाही. आपल्या आजीच्या स्वयंपाकात तो होताच.

मग अडते कुठे? अडते ते क्रमात. पगार हातात आला की आधी मोबाईलचा हप्ता जातो, मग गाडीचा, मग मित्राची उसनवारी, मग पुड्या आणि चहा. राहिलेल्या पैशांत जेवण बसवले जाते. आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एका वडापाववर पाळी निघते. हप्ता चुकला तर वसुलीवाला दारात येतो. जेवण चुकले तर त्या दिवशी कोणीच येत नाही. म्हणून पोटाची बाकी थकत जाते आणि पुढे एकदम वसूल होते.

अशी वसुली झालेला तरुण

बाहेरच्या जिल्ह्यातून मागावर कामाला आलेला एक तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. चौघांत मिळून एक खोली, स्वतःच्या नावावर दोन हप्ते, शिवाय गावाकडे बहिणीच्या लग्नाचे कर्ज. त्यालाही पावरचे इंजेक्शनच हवे होते. विचारल्यावर कळले की खोकला महिनाभर आहे, संध्याकाळी अंग कोमट होते आणि पँट कमरेत ढिली झाली आहे. दाखवले का नाही, तर दिवसाची मजुरी बुडते. त्याला बेडक्याच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवले. फुप्फुसाचा क्षयरोग निघाला.

औषधे फुकट मिळाली, सहा महिन्यांचा कोर्स त्याने नीट पुरा केला आणि तो बरा झाला. पण सुरुवातीचे कित्येक आठवडे त्याला मागावर उभे राहता आले नाही. ज्या हप्त्यांसाठी त्याने जेवण कमी केले, तेच हप्ते थकले. गाडी गेली. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलालाच घरून पैसे मागवावे लागले. त्याला आजारापेक्षा हेच जास्त लागले.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात हे खरे. पण जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. अंगात प्रतिकारशक्ती असेल तर ते वर्षानुवर्षे दबून राहतात. कुपोषण हे त्यांना वाट मोकळी करून देणारे मोठे कारण आहे. याचा पक्का पुरावा आपल्याच देशात मिळाला. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही रुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. इतर रुग्णांच्या घरच्यांना असा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी आणि फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. महिन्याला दीड किलो डाळ म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. एवढ्याशा डाळ-तांदळाने जे साधले, ते कोणत्याही पावरच्या इंजेक्शनाने साधलेले नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावाच. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना सकस आहारासाठी सरकारकडून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले आहेत.

मुलींचे काय?

कांडीवर आणि कापड दुरुस्तीला जाणाऱ्या मुली-सुना दम लागणे, चक्कर, पायात गोळे येणे अशा तक्रारी घेऊन येतात. रक्त तपासले की हिमोग्लोबिन ८ किंवा ९. बाईचे ते १२ च्या खाली असता कामा नये. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कारण अनेक घरांत उघड दिसते. बाई सगळ्यांत शेवटी जेवते, आणि बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता तिच्याच नावावर असल्यामुळे काटकसरही तिच्याच ताटापासून सुरू होते. पालेभाजी, कडधान्य, तीळ, खजूर, चालत असेल तर मटण-मासे घ्यावे. जेवणावर लिंबू पिळावे, कारण त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. सासूबाईंना माझी विनंती आहे, सुनेचे ताट आपल्याबरोबर वाढा.

डब्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, एकट्या राहणाऱ्या तरुणाच्या हातात आठवड्याला ४,००० रुपये येतात. आपला आकडा कमी-जास्त असेल, तर त्या प्रमाणात वाटे करावेत. पगाराच्या दिवशीच पाच पाकिटे करा.

पहिले पाकीट जेवणाचे, १,२०० रुपये. यातून खानावळीचे आगाऊ द्या, आणि अंडी, शेंगदाणे, फुटाणे त्याच दिवशी आणून ठेवा. दुसरे खोलीभाडे आणि विजेचे, ६०० रुपये. तिसरे गावाकडे पाठवायचे, १,००० रुपये. चौथे आजारपणाचे, ४०० रुपये. उरलेले ८०० पाचव्या पाकिटात. हप्ता, मोबाईल, पेट्रोल, कपडे, सिनेमा सारे यातूनच. ते संपले की हौस पुढच्या आठवड्यावर. उरूस, दिवाळी, मित्राचे लग्न हे खर्च अचानक येत नाहीत, त्यांच्या तारखा आधीपासून ठाऊक असतात. त्यासाठीही याच पाकिटातून थोडे थोडे बाजूला काढावे. एक हप्ता फिटल्याशिवाय दुसरा घेऊ नये.

चौथ्या पाकिटात वर्षाला २०,८०० रुपये जमतात. जेवण आणि भाडे मिळून आठवड्याचा खर्च १,८०० धरला, तर अकरा आठवडे काम बंद राहिले तरी तुम्ही उपाशी राहणार नाही आणि खोलीही सुटणार नाही. वरच्या मुलाजवळ एवढे असते तर पहिल्याच आठवड्यात एक खाडा करून तो तपासणीला आला असता.

हे पैसे खिशात ठेवू नयेत, बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेव उघडावी. भिशी वाईट नाही, पण तिचा नंबर लागेल तेव्हा पैसे मिळतात आणि आजार नंबर पाहून येत नाही. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवींना ते नाही, हेही लक्षात असू द्यावे.

सोबत दोन स्वस्त विमे उतरावेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू आल्यास वारसाला २ लाख. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचा हप्ता ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास २ लाख. बँकेत फॉर्म भरला की खात्यातून आपोआप वजा होतात. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे जुळतात का, हे आजारी पडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ऐन वेळी नातेवाइकांची पळापळ होते ती याच कागदांसाठी.

न दिसणारी गळती

दहा रुपयांच्या तीन पुड्या रोज म्हटल्या तर वर्षाला १०,९५० रुपये. म्हणजे आजारपणाच्या पाकिटाचा निम्मा भाग. आणि त्या बदल्यात मिळते काय, तर तोंड न उघडणे आणि पुढे कॅन्सरची भीती. चहाचेही तसेच. दिवसाला दहा कटिंग आणि कपाला एक चमचा साखर धरली तरी जवळजवळ ५० ग्रॅम साखर पोटात जाते, भूक मरते आणि पाळी संपल्यावर झोप येत नाही.

झोप हाही जमाखर्चाचाच भाग आहे. रात्रपाळीनंतर खोली अंधारी करून सलग सात तास झोपावे. जादा पाळीचे पैसे दिसतात, पण पेंगुळलेल्या हाताला मागावर काय होते, ते मी टाके घालताना पाहतो. मागाच्या आवाजासाठी कानात बोळे वापरावेत. बहिरेपण हळूहळू येते आणि परत जात नाही. पाणी उकळून प्यावे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत आलेली काविळीची साथ दूषित पाण्याची होती. हजारो माणसे आजारी पडली, काहींचा जीव गेला आणि कित्येक घरांतली कमाई अनेक आठवडे बंद राहिली. त्यापुढे पाणी उकळण्याचा गॅस महाग नाही.

शेवटी मनाबद्दल. मोबाईलवरून घेतलेले झटपट कर्ज किंवा पैसे लावायचे खेळ यांत काही मुले अडकतात. अशा खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, पण झालेली देणी मागे राहिली आहेत. झोप उडते, जेवण जात नाही, जीव नकोसा होतो. हे लपवू नका. थोरल्या भावाला, मामाला, वहिनीला, कोणा एकाला खरा आकडा सांगा. आकडा तोंडातून बाहेर पडला की वाट निघते. कोणाशीच बोलता येत नसेल तर सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते.

आईवडिलांना एवढेच सांगतो, मुलगा फोनवर आला की "पैसे कधी पाठवतोस?" याच्या आधी "जेवलास का, काय जेवलास?" हे विचारा. आणि तरुण मित्रांनो, सगळे एकदम जमणार नाही. येत्या पगाराला फक्त पहिले आणि चौथे पाकीट करा. महिनाभराने वजन करायला दवाखान्यात या. त्याची फी नाही.