तारा अंड्यासारखा का आला?
वर्ध्याच्या अंधारात आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी दहा गमतीदार आणि कामाच्या गोष्टी

आर्वी रोडला एखाद्या शेताच्या धुऱ्यावर ट्रायपॉड रोवला, कॅमेरा मृग नक्षत्राकडे वळवला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर काय आलं? लांबुळके तारे, लाल-निळे ठिपके, मधोमध एक करडी कडी! पहिल्या रात्री बहुतेकांचं असंच होतं. पण आकाशाच्या फोटोचा एक मोठा गुण आहे. तो बिघडला, की कुठे बिघडला हे तोच दाखवतो. त्या खुणा वाचायला शिकलं की रात्र वाया जात नाही.

१. ध्रुवही फिरतो!
गोष्टीतल्या ध्रुवाला अढळपद मिळालं, पण कॅमेऱ्यातला ध्रुव फिरताना दिसतो. आकाशाच्या खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही जास्त. दोन तास शटर उघडं ठेवलं तर त्याचीही इवलीशी कमान उमटते. म्हणून ताऱ्यांमागे फिरणाऱ्या माउंटचा अक्ष थेट ध्रुवावर रोखायचा नाही. ध्रुव त्या घटकेला बिंदूच्या कोणत्या बाजूला आहे ते मोबाइल ॲप सांगतं. तेवढं अंतर सोडून अक्ष लावा.

२. वर्ध्याचा ध्रुव दोन मुठींवर
हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. वर्धा सुमारे २०.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. लंडनला तो पाच मुठी वर असतो. अक्ष इतका आडवा झाला की माउंटचा वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला थडकू शकतो. उपाय सोपा आहे : एक पाय दक्षिणेला करा, दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला ठेवा. या अक्षांशाचं बक्षीसही आहे. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा भलामोठा गुच्छ मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर येतो. लंडनमधून तो कधीच दिसत नाही.

३. अंडं कोणत्या बाजूचं?
फिरतं माउंट नसेल तर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. ५० मिमीच्या लेन्सला १० सेकंद, २४ मिमीला २०. सेन्सर लहान असेल तर उत्तराला पुन्हा दीडने भागा. त्यापुढे पृथ्वीचं फिरणं फोटोत उमटतं. आता निदान : फोटोभर सगळे तारे एकाच दिशेला लांबले असतील तर दोष माउंटचा किंवा वाऱ्याचा. फक्त कोपऱ्यातले लांबले असतील तर लेन्सचा, नाहीतर दुर्बीण-कॅमेऱ्यातल्या अंतराचा. बऱ्याच फ्लॅटनरना, म्हणजे कोपऱ्यातले तारे नीट करणाऱ्या भिंगांना, सेन्सरपासून ५५ मिमी अंतर लागतं. त्यात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कोपरे बिघडतात.

४. मेची रात्र आठपट ठिपक्यांची
सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात विजेचे कण साचतात. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की हे साचणं दुप्पट होतं. जानेवारीची रात्र १२ अंशांची आणि मेची ३० अंशांची धरा. फरक १८ अंशांचा, म्हणजे तीनदा दुप्पट. म्हणजेच आठपट! लाल-निळे ठिपके येतात ते यातूनच. उपाय म्हणजे ‘डार्क’ : लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे, त्याच रात्रीच्या गारव्यात वीसेक फोटो घ्यायचे. ठिपक्यांचा हा नकाशा सॉफ्टवेअर मूळ फोटोतून वजा करतं.

५. दुर्बिणीला खादी
फोटोतल्या करड्या कड्या म्हणजे धुळीच्या सावल्या. कडी लहान आणि ठळक असेल तर कण सेन्सरच्या अगदी जवळ, मोठी आणि पुसट असेल तर लांब. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात एखादा तंतूही आत शिरतो. फुंकर मारू नका, थुंकी उडते. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर वापरा आणि ‘फ्लॅट’, म्हणजे सारख्या उजेडाचे फोटो, घ्या. सेवाग्रामच्या जिल्ह्यात त्याचं साहित्य शोधावं लागत नाही : धुतलेली, पांढरी, डाग नसलेली खादी. तिची दुहेरी घडी दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवा, सुरकुती राहू देऊ नका, वरून रबर लावा. पहाटे उजाडताना दुर्बीण डोक्यावरच्या आकाशाकडे करा आणि वीस-तीस फोटो घ्या. फोकस हलवायचा नाही, कॅमेरा फिरवायचा नाही. सॉफ्टवेअर या फोटोंवरून कड्या आणि काळपट कोपरे दोन्ही काढतं.

६. शंभर फोटो, दहापट स्वच्छ
१६ फोटो एकमेकांवर रचले की चित्र चौपट स्वच्छ होतं, १०० रचले की दहापट. हिशेब वर्गमुळाचा आहे. पुण्याच्या प्रथमेश जाजूने २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ५० हजारांहून जास्त फोटोंतून चंद्राचं एक चित्र घडवलं. त्या कामात डेटा १८६ जीबीपर्यंत गेला! त्यामुळे रात्री निघण्याआधी मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क रिकामी आहे ना, एवढं बघाच.

७. ही रेघ कुणाची?
तुटक, ठिपक्यांची रेघ विमानाची. एकसारख्या जाडीची उपग्रहाची. मध्ये जाड, टोकांना निमुळती आणि एकाच फ्रेममध्ये आलेली असेल तर उल्का. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भभर लोकांनी मोबाइलवर टिपलेला जळता जथा हा रॉकेटचा अवशेष होता. त्यातली धातूची मोठी कडी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत पडली. उपग्रहाच्या रेघेपायी फ्रेम फेकू नका. फोटो रचताना ‘सिग्मा क्लिपिंग’ निवडा. एखाद्याच फ्रेममध्ये असलेली रेघ सॉफ्टवेअर आपोआप गाळतं.

८. सॉफ्टवेअर रुसलं?
फोटो रचणारं डीपस्कायस्टॅकर मोफत आहे, पण कधीकधी ‘एकच फ्रेम रचली जाईल’ असं म्हणून अडून बसतं. त्याला पुरेसे तारे सापडलेले नसतात. तारे ओळखण्याची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, खाली आणा. खूपच खाली नेली तर ते धुळीच्या ठिपक्यांनाही तारे समजतं. दुसरी घाबरगुंडी : तास-दीड तास काम चालतं आणि शेवटी काळंकुट्ट चित्र येतं! ते बिघडलेलं नसतं. अंधुक तेजोमेघ काळ्या टोकापाशी दाटीने बसलेला असतो. त्याला ‘स्ट्रेच’ द्या, म्हणजे अंधुक भाग उजळा; मृगातला तेजोमेघ उमलून येईल. मोफत मिळणाऱ्या सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका क्लिकवर दिसतं.

९. आकाशात हिरवा तारा नाही
तारे लालसर, पिवळे, पांढरे, निळसर दिसतात. हिरवा एकही दिसत नाही. मग फोटो हिरवट का? कॅमेऱ्याच्या दर चार पिक्सेलमधले दोन हिरव्या रंगाचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये हिरवा रंग काढायचं वेगळं बटणच दिलेलं आहे. ते शेवटी नव्हे, रंग जुळवून झाल्यावर लगेच वापरा. ईशान्येला नागपूरच्या दिव्यांमुळे येणारी पिवळट झाक मात्र ग्रॅक्सपर्ट या मोफत सॉफ्टवेअरने निघते.

१०. नावांमागची गंमत
माउंटला वळण लावणाऱ्या ‘पीएचडी’ या सॉफ्टवेअरचा पदवीशी संबंध नाही. त्या नावाचा अर्थ ‘अरे वेड्या, इथे दाब’ असा आहे! फोकससाठी लागणारी जाळी २००५ मध्ये पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने शोधली. ताऱ्यातून निघणारी मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस जमला. काळ्या कार्डशीटमधूनही ही जाळी कापता येते. आणि तुमच्या फाइलचा ‘फिट्स’ हा प्रकार १९८१ पासूनचा आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने जुनी हस्तलिखितं जपण्यासाठी तोच निवडला.

आता तारीख बघा. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं : अमावास्येच्या आगेमागे रात्र सर्वांत काळी असते. ओलिताच्या शेताशेजारी दव लवकर धरतं, म्हणून लेन्सभोवती काळ्या फोमची लांब नळी गुंडाळा. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी येते.

आपल्या शेजारचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी तिथल्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. हे आपल्या अंगणातही करता येतं. येत्या अमावास्येला दिव्यावर पत्र्याची टोपी बसवा, मोबाइल भिंतीला टेकवून दहा सेकंदांचा एक फोटो घ्या. आणि तो बिघडला तर पुसू नका. आधी नीट बघा, काय बिघडलं ते त्यातच लिहिलेलं असतं.