तपासणी फुकट, पुढचे बिल कुणाचे?

मोठ्या आतड्याचा कर्करोग सहसा सावकाश येतो. आधी आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसाचा लहानसा कोंब, उगवतो. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे जातात. तोवर तो दुर्बिणीतून दिसला, तर तिथल्या तिथे काढता येतो. रोग आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेतले सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षे तरी जगतात. दूर पसरल्यावर जेमतेम १५ टक्के. म्हणूनच तपासणी महत्त्वाची. तिथे २०२१पासून ती सुरू करण्याचे वय ५०वरून ४५वर आणले गेले. पण आरोग्य कायद्याने फुकट केलेल्या या तपासणीतही बरीच वर्षे एक अन्यायकारक फट होती. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बीण तपासणी, करताना पॉलिप सापडून काढला, की तपासणीचा ‘उपचार’ होई आणि रुग्णाच्या माथी खर्चाचा वाटा येई. ज्यासाठी तपासायचे, तेच सापडल्याचा हा दंड! डिसेंबर २०२०च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने कमी होतो आहे. पूर्ण संपेल २०३०मध्ये. शौचतपासणीत दोष आढळल्यावरची कोलोनोस्कोपी खासगी विम्यात मोफत व्हायलाही २०२२ उजाडावे लागले. शिवाय बुडालेली मजुरी, भुलीनंतर घरी नेणारा सोबती, हे कुठल्याच बिलात नसते. आजारपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदाच नसलेल्या अमेरिकेत, रोजंदारीवरच्या माणसाला हा खर्च खरोखर जड जातो.

इतका खर्च सोसण्याजोगा फायदा आहे का, हा आक्षेप रास्त आहे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे ८५ हजार लोकांच्या अभ्यासात कोलोनोस्कोपीचे बोलावणे गेलेल्यांत दहा वर्षांतला कर्करोगाचा धोका १.२० टक्क्यांवरून ०.९८वर आला, मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पण बोलावलेल्यांपैकी आलेच ४२ टक्के. म्हणजे हा आकडा तपासणीइतकाच न येणाऱ्यांचाही आहे, आणि माणसे का येत नाहीत याचे एक उत्तर त्या न मोजलेल्या खर्चात शोधायला हवे. त्याउलट अमेरिकेतल्या मिनेसोटात दरवर्षी शौचातले रक्त तपासल्याने या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचे १९९३मध्येच दिसले होते. ती तपासणी स्वस्त आणि घरबसल्या होणारी. मात्र दोष आढळल्यावर कोलोनोस्कोपी परवडली नाही, तर तिचा उपयोग काय?

भारतात या रोगाचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी. आपला राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर भर देतो, ते योग्यच आहे. सरसकट कोलोनोस्कोपीची मागणी इथे करू नये. पण शौचातून रक्त जाणाऱ्या माणसाला मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलमावर ठेवले जाते, तेव्हा त्याची दुर्बीण तपासणी, बुडालेला रोज आणि सोबत्याचे गाडीभाडे सरकारी योजनेने उचलावे, ही मागणी मात्र आजच करायला हवी.