चपला घालता घालता

गेली बत्तीस वर्षे मी दादरला एका चाळीच्या तळमजल्यावर दवाखाना चालवीत आहे. मोठी पाटी नाही, परदेशची पदवी नाही. मंडळी मला ‘आमचे घरचे डॉक्टर’ म्हणतात आणि तेवढ्यावर मी खूश आहे. दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. या रीतीने फरशी किती स्वच्छ राहते ते कंपाउंडरलाच ठाऊक. मला मात्र तिचा मोठा उपयोग झाला. माणूस खुर्चीत बसून सर्दी, अपचन, गुडघा असले काहीतरी सांगतो, औषध घेतो, पैसे देतो आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवताना, जणू आत्ताच आठवल्यासारखा, खरा प्रश्न विचारतो.

आणि त्या प्रश्नाला एक शेपूट हटकून जोडलेले असते: “तसे दुखत काही नाही हो!”

मला वाटते, यात थोडा दोष आपल्या मायबोलीचाही आहे. आपण आजाराला ‘दुखणे’ म्हणतो, आजारी माणसाला ‘दुखणेकरी’ म्हणतो. मग जे दुखत नाही ते दुखणे कसले, असा सरळ हिशेब सगळेजण मांडतात. पण चाळिशीनंतर माणसाचा घात करणारे बहुतेक आजार सुरुवातीला मुळीच दुखत नाहीत. एवढी एक गोष्ट मनात ठेवून दाराशी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे सवडीने देतो. दवाखान्यात एवढी सवड ना तुम्हाला असते, ना मला.

“त्रास काही नाही, मग गोळी कशाला?”

हा प्रश्न रक्तदाबाचा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, याच्यापुढे दाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही राहू लागला, तर तो वाढलेला समजतात. अशा माणसाचे डोके दुखेलच, चक्कर येईलच असे नाही. तो मजेत जिने चढतो, कचेरीत जातो, लग्नात जिलेब्या वाढतो. आतल्या आत मात्र रक्तवाहिन्यांवर रात्रंदिवस ताण पडत असतो. त्याची किंमत मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळे मोजतात, आणि तीही बऱ्याच वर्षांनी, एकदम.

हा दाब दंडाला पट्टा बांधून मोजायची युक्ती इटलीच्या रीव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली काढली आणि तेथे नळी लावून आवाज ऐकायची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. म्हणजे सव्वाशे वर्षे झाली, तरी आपण तो नीट मोजून घेत नाही! जिना चढून आल्याआल्या हात पुढे करू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको आणि मोजताना गप्पा नकोत. गप्पांनीसुद्धा आकडा चढतो.

“आता नॉर्मल आला, गोळी बंद करू ना?” हा पुढचा प्रश्न. मी उलट विचारतो, “काका, चष्मा लावल्यावर पेपर स्वच्छ दिसतो, म्हणून चष्मा गच्चीवरून फेकून देता का?” गोळी आजार धरून ठेवते, उपटून टाकीत नाही. वजन उतरले, मीठ कमी झाले, तर मात्रा कमी करता येते; पण ती डॉक्टरने, शेजाऱ्याने नव्हे. मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी सांगितले आहे. म्हणजे सपाट असा चहाचा एक चमचा, आणि त्यातच आमटी, भाजी, लोणचे, पापड, चिवडा सगळे आले.

“मी तर सडपातळ, मला कसला मधुमेह?”

काटकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट, ही आपल्याकडची ओळखीची मूर्ती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. तो निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून लठ्ठ, अशी ही आपली जात. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये, शिंप्याची टेप घ्यावी. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्यापुढे गेली की सावध व्हावे.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक. १२६ वा त्याहून अधिक, आणि तीही पुन्हा तपासून तशीच, तर मधुमेह. मधल्या पट्ट्यातली माणसे उंबरठ्यावर उभी असतात. ती अजून मागे फिरू शकतात: रोज अर्धा तास झपाझप चालून, ताटातला भात आणि पोळी थोडी कमी करून आणि त्या जागी उसळ-कोशिंबीर वाढून.

“साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो,” असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळाचा रंग वेगळा, चव वेगळी. पण पोटात गेल्यावर रक्तातली साखर तोही वाढवतोच. दिवाळीत एक करंजी मोजून खाल्ली आणि त्या दिवशी भात सोडला, तर मी रागावत नाही. गुळाच्या नावाखाली डबा संपवला, तर मात्र रागावतो.

“सर्दी आहे, जरा स्ट्राँग औषध द्या!”

सर्दी-पडसे आणते विषाणू. अँटिबायोटिके मारतात जिवाणूंना. चोर शिरला गच्चीवरून आणि आपण कुलूप लावले न्हाणीघराला, असा हा प्रकार. पडसे आठवड्या-दीड आठवड्यात आपले आपण जाते. गरम पाणी, विश्रांती आणि ताप आल्यास साधी पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेने जंतू या औषधाला निर्ढावतील असा इशारा दिला होता. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. ज्या औषधासाठी माणसे तळमळत होती, ते देशात तयार होऊ लागले. तेच औषध आपण पडशाला चणेफुटाण्यांसारखे खाल्ले, तर न्युमोनियाच्या दिवशी ते उपयोगी पडणार नाही. मागच्या खेपेची उरलेली गोळी भावजयीला देऊ नये आणि व्हॉट्सअॅपवर आलेले नाव दुकानात सांगू नये.

मात्र तीन दिवसांवर ताप टिकला, धाप लागली, किंवा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर घरी बसू नये. अशा खोकल्यात थुंकी तपासून क्षय नाही ना, हे पाहावेच लागते. ही तपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

“अशक्तपणा आहे, एक सलाईन लावता का?”

उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते, यात वाद नाही. पण धडधाकट माणसाने ताकदीसाठी ते घ्यायचे म्हणजे काय घ्यायचे? अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ! याहून ताकद वाटीभर वरणात जास्त आहे. अशक्तपणाला कारण असते, ते शोधावे. बायकांत बहुधा रक्त कमी असते. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी सापडते. कोणाचे थायरॉइड मंदावलेले असते, तर कोणाची साखर वाढलेली. थोड्या रक्ताच्या तपासणीत यातले बरेचसे उघड होते.

“छातीत भरून आले, पण गॅसच असेल ना?”

असेलही. पण ते घरात बसून ठरवायचे नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारे, सोबत घाम आणि धाप. चालल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे: ही हृदयाची भाषा आहे. ढेकर आला किंवा सोडा पिऊन बरे वाटले, म्हणजे हृदय सुटले असे नाही. आणि मधुमेही माणसांत, वृद्धांत आणि बायकांत हे दुखणे कधी कधी न दुखताच येते. नुसती धाप, मळमळ, न समजणारा थकवा. एवढ्या रात्री कोणाला उठवायचे, हा संकोच फार महाग पडतो. स्कूटर काढू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

हेच पक्षाघाताचे. तोंड एकीकडे वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ अडखळू लागली, तर घड्याळ पाहावे आणि मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतली गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल चोळण्यात आणि सकाळची वाट पाहण्यात तेवढा वेळ सहज जातो.

“गाठ आहे, पण दुखत नाही...”

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत उशिरा विचारला जातो आणि बहुधा घरातली बाईच तो विचारते. एक वहिनी वर्षानुवर्षे माझ्याकडे यायच्या. कधी यजमानांचा दाब घेऊन, कधी सासूबाईंचा गुडघा, कधी मुलाचा ताप घेऊन. स्वतःसाठी एकदाही नाही. एके दिवशी यजमानांच्या गोळ्या पिशवीत टाकून त्या बाहेर गेल्या आणि उंबऱ्यातून हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, छातीत एक गाठ लागतेय हाताला. दुखत नाही, म्हणजे काही नसेल ना?”

मी त्यांना पुन्हा आत बोलावले. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून ‘दुखत नाही’ हा दिलासा नव्हे, तपासणीचे कारण आहे. त्यांची गाठ लहान असतानाच निघाली. त्या आजही येतात आणि अजूनही दुसऱ्या कोणाचे तरी औषध न्यायलाच!

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी करीत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्या सौम्य व्हिनेगर लावून करीत. त्या कॅन्सरचे मृत्यूही ३१ टक्क्यांनी घटले. मोठे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. बाई वेळेवर तपासायला आली, एवढेच.

तात्पर्य, दुखण्याची वाट पाहू नये. वयाच्या तिशीनंतर रक्तदाब, साखर, तोंड, आणि स्त्रियांनी स्तन व गर्भाशयाचे मुख, एवढे तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांतही याची सोय असते. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तोही दाखवावा, न दुखला तरी.

भाऊबीजेला बहिणीला काय घालावे, हा प्रश्न दरसाल पडतोच. यंदा साडीच्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी घाला: अमुक दिवशी, अमुक वाजता, दवाखान्यात मी तुला घेऊन जाणार. ती म्हणेल, “मला कुठे काय होतंय?” तिला सांगा, काही होत नाही तोवरच जायचे असते. आणि सोबत गेल्यावर स्वतःचाही दंड पुढे करा. पाच मिनिटे स्वस्थ बसून.