मेणवलीची घंटा : वसईपासून कृष्णाकाठापर्यंत

सातारा जिल्ह्यातील वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे छोटेसे गाव वसले आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागील दगडी घाट आणि मेणेश्वराचे मंदिर यांमुळे हे गाव इतिहासप्रेमींना परिचित आहे. याच घाटावर, मंदिरानजीकच्या एका लहानशा दगडी बांधणीत एक भलीमोठी घंटा टांगलेली दिसते. देवळातील नेहमीच्या घंटेहून तिचे रूप निराळे आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती असून १७०७ हे वर्षही उमटवलेले आहे. शिवमंदिराच्या अंगणात ही घंटा आली कोठून?

वसईचा संग्राम

या प्रश्नाचे उत्तर उत्तर कोकणात सापडते. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पुढे दोन शतके तेथे चर्च, मठ आणि तटबंदी उभी राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी या प्रदेशात मोहीम उघडली आणि थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. या विजयाचे चिन्ह म्हणून तेथील चर्चमधील घंटा देशावर आणण्यात आल्या आणि निरनिराळ्या देवालयांत स्थिरावल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील व भीमाशंकर येथील घंटाही याच परंपरेतील मानल्या जातात.

मेणवलीपर्यंतचा प्रवास

ही घंटा चिमाजी अप्पांनीच मेणवलीस बसविली, असा समज आढळतो. परंतु सनावळी पाहता तो टिकत नाही. चिमाजी अप्पांचे निधन १७४० मध्ये झाले, तर नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा! मेणवली गाव नानांकडे आले ते १७६८ च्या सुमारास. म्हणजे वसईचा विजय आणि मेणवलीचा घाट यांमध्ये जवळजवळ तीन दशकांचे अंतर आहे. विजयचिन्ह म्हणून आलेली घंटा पुढील पिढीतील कारभाऱ्याच्या गावी देवकार्यास लागली, असाच याचा अर्थ होतो. फडणीस म्हणजे दौलतीच्या हिशेबाचा प्रमुख. जमाखर्चाची नोंद जपणाऱ्या या पुरुषाच्या गावी इतिहासाचीही एक नोंद धातूच्या रूपाने जपली गेली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

नाद आणि धातू

घंटेसाठी वापरल्या जाणाऱ्या काशात साधारणतः ७८ टक्के तांबे व २२ टक्के कथील असते. कथिलाच्या या प्रमाणामुळे धातू कठीण होतो आणि नाद दीर्घकाळ घुमत राहतो; मात्र त्याच वेळी तो ठिसूळही बनतो. तोफेला दारूचा दणका सोसावा लागत असल्याने तिच्या धातूत कथील निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे १० टक्के ठेवीत. युरोपात युद्धकाळी अनेक घंटा वितळवून, त्यांत तांब्याची भर घालून तोफा ओतल्या गेल्या. वसईच्या या घंटेच्या नशिबी ते आले नाही. ती घंटाच राहिली आणि तिच्यावरील मेरीमातेची आकृतीही कोणी पुसून टाकली नाही. चर्चमध्ये ती भाविकांना प्रार्थनेसाठी बोलावीत असे. देवळात भाविक स्वतःच घंटा वाजवून आपल्या आगमनाची वर्दी देवाला देतो. रीत पालटली, परंतु नाद तोच राहिला.

आपली जबाबदारी

ही घंटा युद्धातील लूट होती, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. त्याचबरोबर जेत्यांनी ती आदराने जतन केली, हेही तितकेच सत्य आहे. मात्र तीनशे वर्षे टिकलेला हा ठिसूळ धातू निष्काळजीपणाने मारलेल्या दगडाच्या एका घावानेही तडकू शकतो. तडा गेलेली घंटा पूर्वीसारखी निनादत नाही आणि ती पुन्हा ओतावी म्हटले, तर तिच्यावरील आकृती व वर्ष कायमचे नाहीसे होईल. पूर्वजांनी आपल्या स्वाधीन केलेली ही ठेव आहे. तिचे व्याज म्हणून इतिहासाचे ज्ञान जरूर घ्यावे. मुद्दल मात्र अबाधित राखून पुढील पिढीच्या हाती सोपवावे.