भिंतीला पाठ लावून

फौजेतून घरी आलेला माणूस हॉटेलात शिरला की आधी भिंतीकडची खुर्ची धरतो. दार समोर दिसलं पाहिजे, पाठीमागे कुणी नको. गोरेगाव पूर्वेला माझ्या ओळखीचे असे बरेच आहेत. कुणी सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर, कुणी बँकेत बंदूकधारी गार्ड. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होतो, पीटी उस्ताद. रविवारी सकाळी यातल्या काही जणांना घेऊन आरेत व्यायाम करतो. 'छोटा काश्मीर' बागेत मात्र जात नाही. त्या नावावरून आमच्यात पुरेसे विनोद होऊन गेलेत.

धोका जाणवला की विचार करायच्या आधीच मेंदू अंगाला हुकूम सोडतो. ठोके वाढतात, श्वास वर चढतो, जबडा आवळतो, भूक मरते. मोर्चावर यानेच जीव वाचतो. काहींच्या बाबतीत मात्र घरी आल्यावरही तो हुकूम मागे घेतलाच जात नाही. हायवेवर ट्रकचा टायर फुटला, गणपतीत सुतळी बॉम्ब वाजला, फिल्मसिटीकडून शूटिंगचा धमाका ऐकू आला, की माणूस राहतो गोरेगावात आणि अंग पोचतं कुपवाड्यात.

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० मध्ये आलं, पण दुखणं जुनं आहे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी कैदेत गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. जे परत आले ते रात्री कसे झोपले, याची शिळा कुठेच नाही. आमच्याकडे अशा माणसाला नुसतं 'तापट' म्हणायचे आणि पोरांना त्याच्यापासून लांब ठेवायचे.

'काय झालं तिकडं?' असं विचारलं तर फौजी सांगणार, 'काही नाही, सगळं ठीक.' मग संध्याकाळी कॅन्टीनचा कोटा उघडणार. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्री तुटते, आणि स्वप्नं जागच्या जागीच असतात. म्हणून मी बोलण्यापासून सुरुवात करत नाही. ज्या अंगाला हुकूम पाळायची सवय आहे, त्या अंगापासून करतो.

पहिला श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा ते आठ आकडे मोजत बाहेर. दम कोंडायचा नाही. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. लांब उच्छ्वासाने व्हेगस नर्व्हमार्फत हृदयाला सबुरीचा निरोप जातो. आकडे मोजायला कंटाळा आला तर भ्रामरी करा, गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. मग मुठी. पाच-सात सेकंद कच्च आवळायच्या आणि एकदम सोडायच्या. तसंच खांद्यांचं, जबड्याचं, पोटऱ्यांचं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी ही रीत बसवली. 'रिलॅक्स हो' म्हटलं की फौजी आणखी ताठ होतो. 'आवळ, सोड' म्हटलं की त्याला जमतं.

आता शवासन. योगाच्या वर्गात सगळ्यांना आडवं करून डोळे मिटायला सांगतात. आमच्यातल्या कित्येकांना तेवढ्यानेच दरदरून घाम फुटतो. पाठ उघडी, डोळे बंद आणि कुणीतरी मागून चालतंय! ज्याला हे झेपत नाही त्याने भिंतीला पाठ लावून बसावं, डोळे उघडे ठेवावेत, दाराकडे बघावं. तळवे जमिनीवर दाबावेत आणि समोरच्या वस्तूंची नावं मनात घ्यावीत: नळ, बादली, चप्पल. हे योगशास्त्राच्या पुस्तकात बसतं की नाही याची मला फिकीर नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत मोजून बघायला. तोच बाणा आपणही ठेवावा: अंग काय सांगतंय ते बघायचं, घाबरवत असेल तर सोडायचं.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी त्यांना कमरेखाली पांगळं केलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. माझी पोरं त्यांचं नाव काढून म्हणतात, 'उस्ताद, आपल्यालाही मेडल?' मी म्हणतो, आधी रात्रीची सलग झोप आणा.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. श्वासाने उसळलेलं अंग खाली येतं. आठवण आणि अपराधीपणा त्याने जात नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा. बोलून करायच्या उपचारपद्धती आहेत, गरज पडली तर गोळ्या आहेत. 'योगा करतोय ना' म्हणत वर्षं काढणारे मला पिणाऱ्यांइतकेच काळजीचे वाटतात. मरणाचे विचार येत असतील तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. फौजींसाठी या सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

वहिनींसाठीही दोन शब्द. तो झोपेत ओरडत असेल तर खांद्याला हात लावून उठवू नका. त्याचा हात आधी चालतो, भान मागून येतं. लांब उभ्या राहा, दिवा लावा, हाक मारा. अशा वेळी 'अहो' पुरत नाही, नाव घ्यावं लागतं. लाज वाटत असेल तर पोरांचं नाव लावून 'बाळूचे बाबा' म्हणा. हवालदार, सुभेदार असं काही म्हणू नका. मग म्हणा, 'गोरेगावात आहोत, आपल्या घरी आहोत.' पाणी हातात देऊ नका, जवळ ठेवा, तो उठून घेईल.