लिटल फूट : हाडं आधीची, थर नंतरचे

गेल्या आठवड्यात आपण पूर्व आफ्रिकेत होतो. तिथे ज्वालामुखीच्या राखेचे थर एकावर एक बसलेले असतात. वरच्या-खालच्या राखेचं वय काढलं की मधल्या हाडाचं वय कळतं. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफोंटेनच्या गुहांमध्ये ही सोय नाही.

इथला डोलोमाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगाभेगांतून हा खडक विरघळवतं. (सह्याद्रीचा बेसॉल्ट असा विरघळत नाही, आपली लेणी छिन्नीनंच कोरावी लागली.) भूजल खाली उतरलं की पोकळ्या कोरड्या पडतात आणि कधीतरी छत ढासळून वर तोंड उघडतं. त्यातून माती, दगड, जनावरं आत पडतात. ठिबकणारं चुन्याचं पाणी हा ढीग सांधून टाकतं. त्याचा ब्रेशिया होतो, काँक्रीटइतका कठीण. म्हणूनच गुहेत हाडं सापडली की ‘इथे आदिमानव राहत होते’ असं लगेच म्हणू नये. त्यातले बरेच वरून पडलेले, नाहीतर बिबट्यासारख्या जनावरानं ओढून आणलेले असतात.

पुरामानवशास्त्रज्ञ रॉन क्लार्क यांना १९९४ साली इथल्याच जनावरांच्या हाडांच्या एका पेटीत आदिमानवाच्या पावलाची चार हाडं मिळाली. पुढे नडगीचा तुटका तुकडाही हाती आला. १९९७ मध्ये त्याची प्रतिकृती घेऊन त्यांचे सहायक स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे गुहेत उतरले. हातातल्या दिव्याच्या उजेडात ते भिंतीतलं एकेक तुटकं टोक पाहत गेले आणि दुसऱ्याच दिवशी जुळणारं टोक सापडलं! चुन्यासाठी लावलेल्या सुरुंगानं ते हाड तुटलं होतं. मागे जवळपास अख्खा सांगाडा होता. तोच ‘लिटल फूट’. या दोघांची नावं क्लार्क यांच्याइतकीच लक्षात राहायला हवीत.

मग वयाचा प्रश्न आला. सांगाड्याच्या वर-खाली चुन्याचे पांढरे पापुद्रे होते. २००६ मध्ये युरेनियम-शिसे पद्धतीनं त्यांचं वय सुमारे २२ लाख वर्षं निघालं. पण लोरां ब्रुक्सेल यांच्या गटानं गुहेचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं. ब्रेशिया खचून त्यात फटी पडल्या होत्या आणि हे पापुद्रे नंतर त्या फटींत साचले होते. म्हणजे सांगाडा त्यांच्याहून जुना. २०१५ मध्ये दुसरी पद्धत वापरली गेली. विश्वकिरणांमुळे जमिनीवरच्या दगडात अॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात; दगड खोल गाडला गेला की ते घटू लागतात, आणि अॅल्युमिनियम दुप्पट वेगानं घटतं. सांगाड्याभोवतीच्या दगडांतल्या या दोहोंच्या प्रमाणावरून वय आलं ३६ लाख ७० हजार वर्षं.

यावरही आक्षेप आहे, आणि तो गुहेच्या रचनेवरूनच घेतलेला आहे : हे दगड आधी वरच्या दालनात लाखो वर्षं पडून असतील आणि नंतर खाली घसरले असतील, तर दगड जुने, पण सांगाडा तेवढा जुना नाही. मला ब्रुक्सेल यांची बाजू अधिक पटते, कारण सांगाड्याची हाडं बरीचशी आपापल्या जागी जुळलेली होती. तो दोनदा घरंगळला असता तर ती विखुरली असती. तरी दगडांबद्दलची शंका त्यानं पुरती फिटत नाही.

(क्रमशः)