घर्षण : चोर की राखणदार?

न्हावा शेवा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? १९८९ साली सुरू झालेले ते मोठे बंदर, कंटेनरांच्या रंगीत राशी आणि आकाशात माना उंचावून उभ्या असलेल्या क्रेन, होय ना? या लेखात त्या क्रेन येणारच आहेत; पण आपण सुरुवात करू या एका गिटारीपासून.

आमच्या कॉलेजात न्हाव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने घरीच गिटार करायला घेतली. पोकळ पेटीसाठी त्याने प्लायवूड आणले. मान आणि डोके मात्र एकाच सागवानी तुकड्यातून कोरले. हा तुकडा होता त्याच्या आजोबांच्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीचा. घर पाडताना तेवढाच एक धड तुकडा उरला होता. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आले असताना तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. चेहरा पडलेला.

"सर, तारा टिकत नाहीत. सुरात लावतो आणि पाच मिनिटांत उतरतात. आणि डोक्याला चीर पडलीय."

मी पाहिले. चीर केसाएवढीच होती, पण एका स्क्रूपासून निघून दुसऱ्याकडे चालली होती. आणखी एक तार ताणली असती तर आजोबांची चौकट दुभंगलीच असती. असे का झाले? ते समजण्यासाठी तार ताणून धरणाऱ्या खुंटीचे काम आधी समजून घेऊ.

गिटारीची सर्वांत बारीक पोलादी तार घ्या. तिची जाडी ०.२५ मिलिमीटर आणि कंप पावणारी लांबी ६५ सेंटिमीटर. ती सेकंदाला सुमारे ३३० कंपने करू लागण्यासाठी तिच्यावर सुमारे ७१ न्यूटन, म्हणजे साधारण सव्वासात किलोग्रॅम वजनाएवढा ताण लागतो. सहा तारांचा मिळून ताण, तारांच्या जाडीनुसार, ४५ ते ७० किलोग्रॅम भरतो. एक सिमेंटचे पोते रात्रंदिवस त्या चिमुकल्या डोक्याला लोंबकळत आहे असे समजा ना!

खुंटीची कामे दोन. एक म्हणजे हा ताण अगदी थोडाथोडा वाढवता-कमी करता आला पाहिजे. दुसरे म्हणजे हात काढला की खुंटी जागची हलता कामा नये.

आपल्या तंबोऱ्याची खुंटी हे काम कशी करते? मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांची लाकडी खुंटी एका टोकाला निमुळती असते. ती भोकात दाबून बसवली की लाकडावर लाकूड आवळले जाते आणि केवळ घर्षणाने ती टिकते. खुंटी सरकू लागली की वादक तिला खडू चोळतात. पण अशी खुंटी जितकी फिरवाल तितकीच तार गुंडाळली जाते. अगदी बारीक फरक करणे अवघड जाते. म्हणून तंबोऱ्याच्या तारांत खाली मणी ओवलेले असतात. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि मणी सरकवून तो नेमका लावायचा.

गिटारीवर मण्यांऐवजी यंत्र आले. दुकानात त्याला 'मशीन हेड' म्हणतात. त्यात बोटाने फिरवायच्या कळीला जोडलेला एक मळसूत्री दांडा असतो आणि त्याच्या आट्यांत एका दातेरी चाकाचे दाते अडकलेले असतात. तार या चाकाच्या खुंटावर गुंडाळली जाते. चाकाला १४ दाते असतील, तर कळीचे १४ फेरे झाल्यावर खुंटाचा एक फेरा होतो.

आता थोडे गणित करू. आपली तार एका अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीइतकी, चढवायची तर ती सुमारे ०.५७ मिलिमीटर ओढावी लागते. खुंट ६ मिलिमीटर जाडीचा असेल, तर तो फक्त ११ अंश फिरवायला हवा. पण मधे यंत्र असल्याने कळी मात्र १५४ अंश, म्हणजे जवळजवळ अर्धा फेरा फिरते. कानाला कळणारी बारीकशी चूक दुरुस्त करायला नुसती खुंटी अर्धा अंश फिरवावी लागली असती. ते बोटांना कसे साधावे? कळी सात-आठ अंश फिरवणे मात्र सहज जमते.

पहिले काम झाले. दुसऱ्याचे काय? तार सतत खुंट ओढते आहे. मग चाक उलटे फिरून मळसूत्राला का फिरवत नाही?

एक प्रयोग करा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा : पाया २० सेंटिमीटर, उंची २ सेंटिमीटर. उंचीची बाजू पेन्सिलीला लावून तो तिच्याभोवती गुंडाळा. तिरकी कड मळसूत्रासारखी वर चढत गेलेली दिसेल. मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरणच! आपल्या उतरणीचा चढ दहास एक, म्हणजे ०.१. उतरणीवरची वस्तू आपोआप केव्हा घसरते? चढ घर्षणगुणांकापेक्षा जास्त असेल तेव्हा. पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये थोडे ग्रीस असताना तो ०.१५ धरू. ०.१ पेक्षा ०.१५ मोठा, म्हणून दाता घसरत नाही. कळी चाकाला फिरवते, पण चाक कळीला फिरवू शकत नाही.

या राखणीची किंमतही आहे. कळी फिरवताना तुम्ही जे कार्य करता, त्याचे दोन वाटे होतात : एक तार ताणण्याचा, दुसरा घर्षणात जाणारा. हात काढल्यावर तारेने यंत्राला उलटे फिरवू नये, तर घर्षणाचा वाटा निदान तारेच्या वाट्याएवढा हवा. म्हणजेच आपण होऊन न उलटणाऱ्या अशा यंत्राची कार्यक्षमता साधारणपणे पन्नास टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. वरच्या आकड्यांनी ती सुमारे ४० टक्के येते.

आता बंदराकडे वळा. कंटेनर उचलणाऱ्या मोठ्या क्रेनमध्ये अशी मळसूत्री जोडणी का वापरत नाहीत? ३० टनांचा कंटेनर ३० मीटर उचलायला सुमारे अडीच युनिट वीज लागते. कार्यक्षमता ४० टक्के असती, तर सहा युनिटांहून अधिक लागली असती आणि उरलेली सारी ऊर्जा दाते तापवण्यात गेली असती, तीही प्रत्येक कंटेनरमागे. म्हणून तिथे कमी घर्षणाची दातेरी चाके वापरतात आणि ओझे थोपवून धरण्यासाठी वेगळे ब्रेक लावतात. गिटारीला असा खर्च परवडतो, कारण तिची कळी दिवसातून चार वेळा फिरते. घर्षण चोर की राखणदार, हे कामावर ठरते.

मग आमच्या विद्यार्थ्याचे कुठे चुकले? दोन ठिकाणी. त्याची मशीन हेडे तीन-तीनच्या पट्टीवर होती. डावी पट्टी त्याने फिरवून उजवीकडे बसवली होती आणि उजवी डावीकडे. मळसूत्र खुंटाच्या मानेकडच्या बाजूला हवे; म्हणजे तारेच्या ओढीने चाक मळसूत्रावर दाबले जाते. उलट बसवल्याने तीच ओढ चाकाला मळसूत्रापासून दूर नेत होती. पातळ पट्टी वाकत होती, दाते जेमतेम अडकत होते आणि सूर उतरत होता. दुसरी चूक म्हणजे स्क्रू थेट लाकडात पिळले होते. स्क्रू पाचरीसारखा शिरतो. आधी भोक नसेल तर लाकूड शिरेच्या दिशेने फाटते.

दुरुस्ती आम्ही अशी केली. पट्ट्या काढल्या. सागवान तेलकट असते, म्हणून चीर स्पिरिटने पुसून घेतली, तिच्यात पातळ सरस मुरवला आणि शिकंजा आवळून दोन दिवस ठेवले. जुन्या स्क्रूंची भोके सागवानाच्याच काड्या सरसाने ठोकून बुजवली. मग पट्ट्यांची अदलाबदल केली, खुंट भोकांत मोकळे फिरतात हे पाहिले आणि स्क्रूच्या मधल्या गाभ्याइतक्या जाडीच्या ड्रिलने बारीक भोके पाडली. स्क्रूला मेण लावून ते हातानेच बसवले.

तुम्ही नवे डोके तयार करत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. खुंटाचे भोक व्हर्निअरने मोजून ठरवा, आधी ३ मिलिमीटरचे पाडा, मग मोठे. ड्रिलचे टोक मागे दिसू लागताच लाकूड उलटून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा. म्हणजे कपच्या उडणार नाहीत. तार ताणताना चेहरा बाजूला ठेवा. तुटलेली तार डोळ्यावर येऊ शकते.

तारा चढवल्या तेव्हा विद्यार्थ्याने एक सूर थोडा जास्त चढवला आणि कळी उलटी फिरवून खाली आणला. जरा वेळाने तो सूर पुन्हा उतरला. "सर, अजून सरकतंय!" तो घाबरून म्हणाला. पण हा यंत्राचा दोष नव्हता. दाता आणि आटा यांत किंचित मोकळी जागा असतेच. सूर चढा झाला तर त्याच्याही खाली उतरा आणि खालून वर येत थांबा. म्हणजे दाता आट्यावर टेकून राहतो. त्याने तसे केले. सूर टिकला.

स्नेहसंमेलनात त्या गिटारीवर चार गाणी झाली, आणि मधे एकदाही कळीला हात लावावा लागला नाही. पुढच्या वेळी गिटार दिसली, तर तिचे डोके जरा मागून पाहा. कळीच्या एका पूर्ण फेऱ्यात खुंट किती फिरतो हे मोजून चाकाचे दाते किती असतील ते सांगता येते का, करून बघा.